बारा माणसांची होडी

किसनतात्यांना नवा माणूस भेटला की नमस्कार करायच्या आधी ते त्याचं वजन करायचे. काटा नाही, तराजू नाही, नुसत्या नजरेनं. टाळूपासून चपलेपर्यंत एकदा बघायचे, मान तिरकी करायचे आणि पुटपुटायचे, "पंचाहत्तर. अंगात स्वेटर आसला तर नव्वद." इंदापूरला बदलून आलेल्या एका फौजदारसाहेबांना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सायेब, तुमाला चार गडी लागत्याल. आन् दोर नवा पायजे." साहेबांना वाटलं, हा इसम आपली मिरवणूक काढायचं म्हणतोय. हवालदारानं कानात खुलासा केला तेव्हा साहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला.

खुलासा साधा होता. बारामतीपासून इंदापूरपर्यंत विहिरीत, कॅनॉलला, शेततळ्यात कुठंही माणूस बुडालं की त्याला वर काढायला किसनतात्यांना बोलवायचे. आणि मला बोलवायचे पंचनाम्याचे फोटो काढायला, कारण स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता आणि पोलिसांना फोटो लागायचे. ते वर काढत, मी फोटो काढी. लोकांच्या ओळखी लग्नात होतात, आमची मयतात झाली.

तात्यांना गावं आठवायची ती विहिरींवरून. कुणी म्हणालं, "मी सणसरचा," की हे विचारणार, "चिंचंखालची हीर का वड्याकडची?" माणूस गोंधळून म्हणायचा, वड्याकडची. मग तात्या डोळे मिटून सांगायचे, "सा परस. खाली डाव्या अंगाला कपार हाय. त्यात हात घालू नगा." एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. सहा परस म्हणजे असे सहा जण एकावर एक. तात्यांच्या तोंडून हे माप ऐकलं की उगीचच अंगावर काटा यायचा. विहिरीच्या काठावर कुणी रडत-ओरडत हकिगत सांगायला लागलं की त्याला म्हणायचे, "आधी खोली, मग बोली." कपडे उतरवायचे, दोर कमरेला बांधायचे आणि जायचे.

बौद्धवस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात स्टोव्ह. बायको काविळीनं गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एकदा अशाच एका गावात, विहिरीच्या काठावर पंच यायची वाट बघत बसलो असताना ते मला म्हणाले, "अरुणराव, माझ्या आज्याला ह्या हिरीला शिवायची बंदी व्हती. वरनं कुणी वतलं तर पाणी मिळायचं. आन् मला बगा, आत उतराय घरपोच आवतान येतंय. परगती झाली का न्हाय?" मी हसावं की नाही या विचारात होतो, तेवढ्यात त्यांनीच पुढं जोडलं, "उद्या हीर उपसून काढत्याल. मढ्यामुळं का माझ्यामुळं, त्ये मी कवा इचारलं न्हाय."

मी त्या वेळी हसलो. आज लिहिताना लाज वाटते, पण हसलो हे खरं.

तात्यांची सायकल एखाद्या गल्लीत शिरली की बाया दारात येऊन आपापली पोरं मोजायच्या. हॉटेलात ते ज्या बाकावर बसत, त्या बाकावरची माणसं चहा आटोपता घेत. कुणी वाईट बोलायचं नाही. "तात्या, बसा, बसा," म्हणायचे आणि स्वतः उठायचे.

आता होडीचं सांगतो. माझ्या स्टुडिओतल्या पडद्यावर ताजमहाल होता. गावोगाव रंगीत टीव्ही आले होते आणि नव्या जोडप्यांना ताजमहाल नको झाला होता. त्यांना मागं समुद्र हवा होता. पेंटरला दाखवायला नमुना म्हणून मी पुण्याच्या रद्दीतून एक गुळगुळीत इंग्रजी पुस्तिका आणली. वेस्ट इंडिजकडच्या बेटांची सहल. निळं पाणी, त्यात पांढरी होडी, आणि होडीभोवती पाण्यात पालथी पडलेली दहा-बारा माणसं. प्रत्येकाच्या तोंडावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी.

तात्या दुकानात आले, त्यांनी ते चित्र बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"किती गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण गेलं?"

"एवढी माणसं हुडकाय उतरल्यात म्हंजी आख्खी बस पडली आसंल."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी समजावून सांगितलं, की तात्या, कुणी गेलेलं नाही. ही माणसं मौजेखातर उतरली आहेत. वेस्ट इंडिजला.

"ती फास्ट बॉलिंगवाली?"

"त्यांचाच समुद्र."

"खाली काय हाय?"

"रंगीत मासे आहेत. झाडासारखे दगड आहेत."

"आन् वर काय आणायचं?"

"काही नाही. बघायचं आणि वर यायचं."

"मोकळ्या हातानं?"

"मोकळ्या हातानं."

तात्या स्टुलावर बसले. वयाच्या सोळाव्या वर्षापासून हा माणूस पाण्याखाली डोळे उघडत होता, आणि आजवर एकदाही मोकळ्या हातानं वर आला नव्हता. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मला एवढंच दिसलं, की पेंटर नमुना मागतोय आणि तात्या पुस्तिका सोडत नाहीत.

त्यानंतर ते रोज यायला लागले. मी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवायची. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की बारा जणांसाठी खाजगी होडी मिळेल. जेवण, मुखवटे, नळ्या आमच्या. परकं कुणी असणार नाही, फक्त तुमचीच माणसं. तात्यांना डॉलर कळले नाहीत, विमान कळलं नाही, त्याची त्यांना फिकीरही नव्हती. ते अडले एकाच ठिकाणी.

"होडीचं हुईल कायतरी. पर आपली माणसं, ती बी बारा? ती कुठनं आनायची?"

मी थट्टेनं पासपोर्टचा फॉर्मसुद्धा आणला. धंदा काय लिहू, विचारलं, तर विचार करून म्हणाले, "पाणी बघणं." हौसेनं मी कंपनीला इंग्रजीत पत्रही टाकलं. आणि काय सांगू, दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं! आपण कोणत्या तारखांना येणार आणि सोबत किती जण, ते कळवावे. तात्यांनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवलं. पृथ्वीच्या पाठीवर कुणीतरी त्यांना विचारलं होतं, की तुम्ही केव्हा येताय.

तिकडं जाणं होणार नाही हे त्यांनाही कळत होतं. एक दिवस म्हणाले, "अरुणराव, पाणी काय त्यांच्याच बापाचं न्हाय. आपल्या भीमंचा फुगवटा हाय की." उजनीच्या धरणाचं पाणी आमच्या तालुक्यात लांबवर पसरलेलं. थंडीत ते निवळतं, पक्षी उतरतात. मासे धरणाऱ्या एका नावाड्याची मोठी होडी ठरली. तात्यांनी मुखवटा घरीच केला. काच माझ्याकडची, फोटोफ्रेमची. कडेनं ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, सांधायला एम-सील आणि ठिबकाच्या पाइपची नळी. चाचणी माझ्याच स्टुडिओत झाली. मागच्या खोलीत फोटो धुवायचा हौद होता, त्यात त्यांनी मुखवट्यासकट तोंड घातलं. हौदात आदल्या दिवशीच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो तरंगत होते.

"काय दिसलं, तात्या?"

"नवरी हाय. हासतीया." आणि तो माणूस दिवसभर खुशीत होता.

मग नियम झाले. जेवून पाण्यात उतरायचं नाही. दारू पिऊन आलेल्याला होडीत जागा नाही. "पिऊन उतारलेली लई झाली माझ्या हातनं." पुस्तिकेत जेवणाला भाजलेला मासा होता, तो तात्यांनी रद्द केला. "मासं काय खात्यात त्ये मला म्हाईत हाय," एवढंच म्हणाले, आणि मीही तेव्हापासून मासा सोडला. बेत ठरला तो भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याच्या ठेच्याचा. बारा माणसांचा स्वयंपाक तात्या स्वतः करणार होते.

आता आमंत्रणं. इथं घोटाळा झाला. होडी एका अंगाला कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना सारखं वजन बसायला हवं, हे तात्यांचं गणित चोख होतं. म्हणून ते वही-पेन्सिल घेऊन घरोघरी गेले. बँकेचा कॅशियर, हायस्कूलचे हेडमास्तर, हॉटेलवाला, काटेवाडीचा दूधवाला, बारामतीला कारखान्यात असलेला त्यांचा सख्खा भाचा. दारात उभं राहायचं, वरपासून खालपर्यंत बघायचं, वहीत आकडा लिहायचा आणि म्हणायचं, "येत्या आयतवारी पाण्यावर या. समद्यास्नी घिऊन या." कॅशियरची बायको तापानं फणफणली. हेडमास्तरांनी घरात सत्यनारायण घातला. पण तात्यांच्या तोंडावर सगळ्यांनी एकच सांगितलं, "येतो की, तात्या. का नाही येणार?"

लोक तात्यांना टाळायचे त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते सांगायचं मी इतका वेळ टाळत आलोय. लोक तात्यांबद्दल एक गोष्ट कुजबुजायचे. बुडालेली बाईमाणूस असली की तात्यांना दोन बुड्या लागत. पहिल्या बुडीत सापडलं तर ते वर येऊन नुसती मान हलवत, दम घेत, पुन्हा जात, आणि दुसऱ्या वेळी खाली फार वेळ राहत. मग दोर हलवत, आणि वरचे लोक ओढत. एवढा वेळ हा खाली काय करतो? लोकांनी आपल्या परीनं उत्तर काढलं होतं, की अंगावरचं सोनं काढतो. मी हे ऐकायचो. हो म्हणायचो नाही, पण नाहीही म्हणायचो नाही. मी तर दर वेळी तिथंच उभा असायचो, हातात कॅमेरा घेऊन.

माघातला रविवार उजाडला. सकाळी आठला आम्ही पाण्याच्या कडेला. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टोपलीत भाकरी धडप्यात बांधलेल्या, होडीत बारा जणांसाठी बारा पोती अंथरलेली. नऊ वाजले. साडेनऊ झाले. रस्त्यावर धूळसुद्धा उडत नव्हती.

"एस्टी चुकली आसंल," तात्या म्हणाले.

दहा वाजता म्हणाले, "आयतवार हाय. जरा उशिरानं उठत्यात."

साडेदहाला ते उठले, होडीत गेले आणि कडेची दोन पोती उचलून घडी घालून ठेवली. मग आणखी दोन. मला तिथं बसवेना. मी नावाड्याजवळ जाऊन उगीच विडी मागितली, आणि मी विडी ओढत नाही.

तेवढ्यात पायवाटेनं एक बाई येताना दिसली. हातात कापडी पिशवी, पायांत टायरच्या चपला, गुडघ्यापर्यंत धूळ. जवळ आली तशी मी ओळखली. निमगाव केतकीच्या गजराबाई. तिची लेक शेजारच्या एका गावात दिलेली होती. मागच्या माघात ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं पंचनाम्यात आहे. फोटो मी काढले होते.

"तात्या," ती म्हणाली, "बाजारात माणसं हासत व्हती तुमच्या होडीला. तवा कळलं. जागा हाय का भरली समदी?"

तात्यांनी तिच्याकडे बघितलं, पण वजन केलं नाही. घाईघाईनं एक पोतं झटकून पुन्हा अंथरलं. "बसा, आक्का. मधी बसा."

नावाड्यानं होडी आत नेली. लांबवर पांढरे पक्षी उथळ पाण्यात उभे होते. मग गजराबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि पाण्याकडे बघत बोलायला लागली.

"लोक काय म्हणत्यात त्ये मला म्हाईत हाय, तात्या. माझ्या लेकीच्या अंगावरचं मणी, जोडवी समदं जिथल्या तिथं व्हतं. मी हातानं चाचपलं. आन् पदर खवलेला व्हता. गच खवलेला. ती पाण्यात पडली तवा असा कुठला ऱ्हातूय पदर?" ती थांबली. "उजव्या खांद्यावर व्हता, तात्या. बाईमाणूस डाव्या खांद्यावर घेती. माझी लेक तर जन्मात उजव्या खांद्यावर घ्यायची न्हाय. तवाच मी वळखलं, ह्यो बाप्याच्या हातानं घेतलाय."

तात्यांनी मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "चुकलं, आक्का," म्हणाले. "खाली अंधार असतूय. वर तर आख्खं गाव वाकून बघत असतंय. म्हनलं, निदान अंग झाकलेलं ऱ्हावं. कुठल्या खांद्यावर, त्ये काय मला आठवलं न्हाय."

माझ्या स्टुडिओच्या कपाटात त्या सगळ्या निगेटिव्ह होत्या. वर्षानुवर्षांच्या. त्यातल्या एकूण एक बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता, आणि तो मीच धुतला होता, मीच छापला होता, मीच पोलीस ठाण्यात नेऊन दिला होता. डोळे फुटके असतात म्हणजे काय, ते मला त्या होडीत कळलं. तात्यांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत होईना.

"मला द्या ती काच," गजराबाई म्हणाली.

"नगं आक्का. खाली काय बगायसारकं न्हाय. गढूळ हाय."

"द्या."

तात्यांनी मुखवटा तिच्या तोंडावर बसवला, मागं गाठ मारली, नळी दिली. ती होडीच्या कडेवर ओणवी झाली. तात्यांनी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि इतकं घट्ट धरलं की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली. ती पाण्यात तोंड घालून राहिली, फार वेळ. नळीतून श्वासाचा आवाज येत होता, म्हणून मी धीर धरून होतो. वर आली तेव्हा काचेच्या आत पाणी साचलं होतं. तात्यांनी मुखवटा सोडवला, विसळला, शर्टाच्या टोकानं पुसला.

"काय दिसलं?" नावाड्यानं विचारलं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

तिनं भिजलेल्या गालांवरून हात फिरवला आणि तात्यांना म्हणाली, "मला वाटत व्हतं, लई गार आसंल. वरीस झालं, रोज पहाटं जाग आली की त्येच येतं मनात. थंडीचं दिस, पहाटंची येळ. लई गार लागलं आसंल माझ्या लेकराला."

"न्हाय, आक्का." तात्या पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "माघात पहाटं हिरीचं पाणी ऊन असतंय. गार असती ती वरची हवा. पाण्यावर वाफ दिसती बगा, त्ये त्याच्यामुळंच. त्या दिशी मला हुडहुडी भरली ती काठावर. आत न्हाय."

"खरं सांगताय?"

"मी उतारलोय, आक्का. दुसरं कोन सांगनार तुमाला?"

ती तोंडावर पदर घेऊन रडली. मोठ्यानं, सगळ्या पाण्यावर ऐकू जाईल एवढ्यानं. पक्षी उठले आणि पुन्हा बसले. तात्यांनी तिला गप्प केलं नाही. नावाड्याला खूण करून वल्हं थांबवलं आणि नुसते शेजारी बसून राहिले.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, टोपली पुढ्यात ओढली आणि घरातल्या बाईसारखी वाढायला लागली. पहिली भाकरी, वर भरीत, ठेचा, तात्यांच्या हातावर. मग मला, मग नावाड्याला, मग स्वतःला. "घ्या की, तात्या," ती म्हणाली, "रांधनाऱ्याला कुणीतरी वाढाय नगं व्हय?" तात्या हातातल्या भाकरीकडे बघत राहिले, मग खाली मान घालून जेवायला लागले. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या त्यांनी त्या दिवशी. आठ माणसांचं जेवण टोपलीत तसंच राहिलं.